पियानोच्या क्लासला जाणं-येणं: नागपूरचे मोठे विद्यार्थी काय करतात?

मंद्रसप्तक
नमस्कार मंडळी. मी ४७ वर्षांची, बेसा भागात राहते. दीड वर्षापासून पियानो शिकते आहे. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई पियानो वाजवायच्या, तेव्हापासूनची इच्छा. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिच्या रिकाम्या खोलीत ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आला. क्लास सदर भागात, सरांच्या घरी. मंगळवार-शुक्रवार, संध्याकाळी ७ ते पावणेआठ.

वाजवण्याचं हळूहळू जमतंय. पोचण्याचं मात्र जमत नाहीये. ऑफिसातून ६ ला निघते, वर्धा रोडने गाडीवर. अजनीच्या पुढे जी गर्दी लागते ती थेट झिरो माइलपर्यंत. सरांकडे पोचते तेव्हा ब्रेक दाबून दाबून दोन्ही हात आखडलेले असतात. परवा साधी सी मेजरची स्केल वाजवताना उजवी करंगळी पट्टीवर पडली, पण आवाजच निघाला नाही. सरांनी काही न बोलता माझी दोन्ही मनगटं धरून हलकेच हलवली आणि म्हणाले, "अजून गाडीवरच आहात." खरंच होतं ते. पाऊण तासाच्या क्लासातली पहिली पंधरा मिनिटं हात माझे नसतातच.

जाऊन-येऊन दीड तास आणि शिकणं पाऊण तास. घरचे म्हणतात, ऑनलाइन लाव. पण सरांकडचा खरा अपराइट पियानो घरच्या डिजिटलपेक्षा फार वेगळा आहे आणि त्यावर बसायला मिळावं म्हणूनच मी एवढी धडपडते.

तर विचारायचं असं की तुम्ही कसे जाता? वाटेत काय करता? आणि जाण्या-येण्यापायी शिकणं सोडलं, असं कोणाचं झालंय का?

तर्रीपोहा
ताई, ऑनलाइनच लावा जी. माझा भाचा गिटार तसाच शिकून राहिला. पेट्रोलही वाचते, जीवही वाचते.

काळी_दोन
तर्रीपोहा भाऊ, गिटारचं मला ठाऊक नाही, पण पियानो ऑनलाइन मी आठ महिने शिकले आहे, म्हणून सांगते.

पहिली गोष्ट, व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं. लांबवलेला सूर त्याला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ते तो कापून टाकतं. मी पेडल दाबून कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) धरायचे आणि मॅडमना दोन सेकंदांनंतर काहीच ऐकू यायचं नाही. सेटिंगमध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायचा पर्याय असतो, तो चालू केल्यावर बरंच सुधारलं. दुसरी गोष्ट, आवाज पोचायला जो किंचित उशीर लागतो, त्यामुळे दोघांना मिळून वाजवता येत नाही. मॅडम डावा हात आणि मी उजवा, हे ऑनलाइन होतच नाही. तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कॅमेऱ्यात बोटं दिसतात, खांदा दिसत नाही. माझा उजवा खांदा आठ महिने वर चढलेला होता. प्रत्यक्ष क्लासला गेले तर पहिल्याच दिवशी मॅडमनी त्यावर हात ठेवला.

मंद्रसप्तकताई, तुमच्या सरांनी मनगट धरून हलवलं ना, ते ऑनलाइन कसं होणार?

हिंगणा_टी_पॉइंट
माझं वय ५२, एमआयडीसीत नोकरी, क्लास तुमच्यासारखाच सदरला. दोन वर्षं मोटरसायकलने गेलो. डाव्या हाताला क्लच, आणि पियानोत आधीच डावा हात दुबळा. आता मेट्रोने जातो. लोकमान्य नगरला गाडी ठेवतो, अ‍ॅक्वा लाइनने सीताबर्डी, तिथे ऑरेंज लाइन धरून कस्तुरचंद पार्क. पुढे पायी.

वेळ किती वाचतो? खरं सांगतो, फार नाही. गाडी ठेवणं, जिने, सीताबर्डीला बदलणं, शेवटी चालणं, सगळं धरलं तर मोटरसायकलइतकाच वेळ लागतो. पण तो वेळ माझा असतो. सुभाष नगरपासून मांडीवर बॅग ठेवतो आणि तिच्यावर बोटं चालवतो. १-२-३, अंगठा खालून, १-२-३-४-५ (अंगठा १, करंगळी ५). आवाज नसल्यामुळे लक्ष फक्त बोटांच्या क्रमावर राहतं आणि अंगठा उशिरा वळतो की काय, ते लगेच कळतं. घरी पियानोवर आवाज बरा आला की ही चूक झाकली जायची.

तुम्ही तर सरळ ऑरेंज लाइनवर आहात. उज्ज्वल नगरला बसा, कस्तुरचंद पार्कला उतरा, कुठे बदलायचंही नाही.

उपराजधानी
+१ मेट्रो. वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि त्याच्या डोक्यावर मेट्रो, असा ३.१४ किलोमीटरचा पूल आहे. २०२२ मध्ये त्याची गिनीज बुकात नोंद झाली. तुम्ही रोज मधल्या मजल्यावर अडकता, तर वरच्या मजल्यावर जा की ताई!

फिजिओ_धंतोली
मी फिजिओथेरपिस्ट आहे. पियानो येत नाही, पण हात रोज बघते.

मंद्रसप्तक, फक्त करंगळीचं होतं की अर्ध्या अनामिकेलाही मुंग्या येतात? करंगळी आणि तिच्याकडची अर्धी अनामिका ही अल्नर नसेची बाजू. हँडलवर तळहाताच्या कडेने भार दिला की ती नस दबते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि उरलेली अर्धी अनामिका ही मीडियन नसेची. ती मनगट वाकवून धरल्याने दबते. गाडीची थरथर दोन्हीला वाईट. नुसता आखडलेपणा असेल आणि दहा मिनिटांत जात असेल तर काळजी नको. रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, हातातून वस्तू निसटत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा, थांबू नका.

गाडीनेच जायचं असेल तर एवढं करा. हँडल मूठ आवळून धरू नका, सिग्नलला हात सोडून खाली लोंबकळू द्या, आणि मनगट वर-खाली न मोडता सरळ ठेवा. पोचल्यावर कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं हात. बोटं ओढून कडकड मोडू नका, त्याने काही सैल होत नाही.

मंद्रसप्तक
फिजिओताई, अर्ध्या अनामिकेलाही होतं! तुम्ही लिहिल्यावर आत्ता नीट आठवून पाहिलं. रात्री मात्र नाही. खूप खूप आभार.

हिंगणा दादा, बॅगेवर बोटं चालवायची कल्पना आवडली. लोक बघत नाहीत का?

हिंगणा_टी_पॉइंट
बघतात. एकदा शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं, "तबला शिकून राहिले का जी?" पियानो म्हटल्यावर दोन स्टेशनं ते पियानोबद्दलच विचारत राहिले. फार छान प्रवास झाला तो.

नवतपा
सगळे मेट्रो-मेट्रो करताय, पण मे महिन्याचं कोणी बोलत नाही. ४५ डिग्रीत साडेपाच-सहालासुद्धा झळा लागतात. स्टेशनपासून क्लासपर्यंतचं पंधरा मिनिटांचं चालणं तेव्हा होत नाही. डोक्याला दुपट्टा, हातात सुती मोजे, पर्समध्ये कांदा आणि बाटलीत पन्हं, एवढं करूनही पोचल्यावर बोटं घामाने पट्ट्यांवरून घसरतात. आमच्या मॅडमनी गेल्या उन्हाळ्यात सगळ्या मोठ्या विद्यार्थ्यांना सकाळी साडेसहाची वेळ दिली. शाळकरी मुलांना सुट्ट्या, ती उशिरा येतात, आम्ही ऑफिसच्या आधी. रस्ते मोकळे आणि हात ताजे. ताई, तुमच्या सरांना विचारून बघा, निदान एप्रिल ते जून.

दुसरं एक. तिथे मोठा कूलर आहे आणि मॅडम तो पियानोच्या खोलीत लावू देत नाहीत. दाराबाहेर लावतात. कोणाला कारण माहीत आहे का? त्या म्हणतात, पियानो आजारी पडतो.

ट्यूनिंग_काटा
बरोबर करतात तुमच्या मॅडम. आमच्या चर्चच्या पियानोची देखभाल मी बघतो, म्हणून थोडं लिहितो.

पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण १५ ते २० टनांच्या घरात जातो. हा ताण लोखंडी चौकट पेलते, पण तारांचा आवाज मोठा करतो तो साउंडबोर्ड, आणि तो लाकडाची पातळ फळी असतो. हवा दमट झाली की फळी फुगते, तारा ताणल्या जातात, सूर चढतो. हवा कोरडी झाली की उलट. सगळा पियानो सारखाच चढला-उतरला असता तरी चाललं असतं, पण मधली सप्तकं जास्त हलतात आणि कडेची कमी. त्यामुळे ए ४४० ला (ए हा सूर सेकंदाला ४४० कंपनांवर) लावलेला पियानो ४४० वरही राहत नाही आणि स्वतःशीही जुळत नाही.

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा ठणठणीत. त्यात खसाच्या टट्ट्यांचा कूलर तोंडासमोर लावला की खोली एका तासात ओली, रात्री कूलर बंद केला की पुन्हा कोरडी. रोजचं हे फुगणं-आकसणं लाकडाला सगळ्यात वाईट. पट्ट्या अडकायला लागतात, दाबलेली पट्टी वर येत नाही. पियानोला थंड हवा नको असते, एकसारखी हवा हवी असते.

डिजिटलला ट्यूनिंगची भानगड नाही. पण ओल आणि धूळ त्यालाही नको. वाजवून झालं की कापड टाका.

काळी_दोन
ट्यूनिंग काटा, किती छान समजावलंत. आमच्या पेटीचंही पावसाळ्यात असंच होतं, पट्टी दबून राहते आणि एक सूर आपोआप वाजत राहतो.

डागा_लेआउट
ओलीचा विषय निघाला म्हणून लिहिते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. माझा डिजिटल पियानो स्टँडवर होता, तो पाण्याच्या वर चार बोटं राहिला. खाली जमिनीवर असलेलं पेडल, अ‍ॅडॉप्टर आणि माझ्या वह्यांचा गठ्ठा गेला. वह्यांत सहा वर्षांची सगळी टिपणं होती, मॅडमच्या हातची, लाल पेनाने. त्या वाळवायला मी गच्चीवर एकेक पान दगडाखाली ठेवलं होतं. शाई उतरून गेली होती, पण पेन जोरात दाबून लिहिलेल्या जागी वळ राहिले होते. ते बोटाने चाचपून काही आकडे मी पुन्हा लिहून काढले.

तेव्हापासून क्लास संपला की बाहेर पडण्याआधी वहीच्या त्या दिवसाच्या पानाचा फोटो काढते. सगळ्यांना सांगावंसं वाटलं.

मंद्रसप्तक
वाचून गलबलून आलं ताई. फोटोचं आजपासून मीही करणार.

पांढरी_चार
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. आठवड्यात दोनदा जायचंच कशाला? आपण मोठी माणसं, नोकरी-संसार सांभाळून शिकणारी. मंगळवारी सर काही देतात आणि शुक्रवारपर्यंत तीन दिवसांत ते तयार होत नाही. मग शुक्रवारी आपण तेच अर्धवट घेऊन जातो आणि सर तेच पुन्हा सांगतात. मी आठवड्यातून एकदाच जातो, पण एक तास. उरलेल्या संध्याकाळी जो दीड तास रस्त्यावर जायचा तो घरच्या पियानोवर जातो. दोन वर्षांत माझी प्रगती आधीपेक्षा जास्त झाली. ज्याला रियाजाला वेळ नाही त्याने क्लासचा दिवस कमी करावा, हे माझं स्पष्ट मत.

एकटीची_संध्याकाळ
पांढरी चार, तुमचं गणित चुकीचं नाही, पण सगळ्यांच्या घरी तो दीड तास पियानोवर जात नाही हो. माझ्या घरी सासूबाई अंथरुणाला, मुलगा दहावीला. घरी असले की मी कोणाची तरी असते. पियानोसमोर बसले की पाचव्या मिनिटाला हाक येते आणि उठावं लागतं, त्यात कोणाची चूक नाही.

मी महालातून धरमपेठला जाते, 'आपली बस' या शहर बसने. जाताना चाळीस मिनिटं, येताना चाळीस. त्या बसमध्ये मला कोणी हाक मारत नाही. जाताना मनातल्या मनात आजचं वाजवते आणि येताना मॅडमनी काय सांगितलं ते उजळते. एक दिवस कमी केला असता तर वेळ माझ्या हातात आला नसता, घरात जिरला असता. माझं दोनदा जाणं म्हणूनच चालू आहे.

मंद्रसप्तक, तुम्ही विचारलंत की कोणी सोडलं का. मी सोडलं होतं, तीन वर्षांपूर्वी, सासूबाई पडल्या तेव्हा. अकरा महिने. पुन्हा गेले तेव्हा हात सगळं विसरले होते, फक्त मॅडमच्या फाटकाची कडी कशी उचलून सरकवायची ते विसरले नव्हते.

पांढरी_चार
ताई, तुमचं वाचून मी थांबलो. मी माझ्या घरावरून सगळ्यांची घरं मोजली. माझं मत ज्याच्या घरी निवांत तास मिळतो त्याच्यापुरतं धरा.

तर्रीपोहा
माझंबी मत बदललं. मंद्रसप्तक ताई, जा जी तुम्ही सदरला.

गड्डीगोदामवाला
एक बारीक सूचना. सदरला क्लास नेमका कुठे, त्यावर स्टेशन ठरवा. ११ डिसेंबर २०२२ ला मेट्रो ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत सुरू झाली, तेव्हापासून गड्डीगोदामलाही उतरता येतं. क्लास त्या बाजूला असेल तर चालणं वाचतं. आमच्या चौकात रस्ता, त्यावर रेल्वेचा पूल, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांच्या वर मेट्रो असे चार थर आहेत. एकदा खिडकीशी बसून बघाच.

आणि परत जाताना अंधार असतो, तेव्हा बेसाकडच्या शेवटच्या टप्प्याचं आधी ठरवा. उज्ज्वल नगरला उतरल्यावर ई-रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका, स्वतःची गाडी स्टेशनवर ठेवलेली बरी.

नवतपा
इथे कोणी ग्रेडच्या परीक्षा देतं का? मला वाटायचं त्या मुलांसाठीच असतात.

काळी_दोन
नाही नाही, वयाची अट नाही. पहिली ते आठवी अशा ग्रेड असतात. मी दुसरी दिली, माझ्या आधी नऊ वर्षांची मुलगी बसली होती. तिने मला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "काकू, घाबरू नका, परीक्षा घेणारे चांगले आहेत."

मंद्रसप्तक
(तीन आठवड्यांनी)
मंडळी, उशीर झाला, पण सगळं करून पाहिल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

मेट्रोने जाते आहे. मेट्रोचं महाकार्ड काढलं. गाडी उज्ज्वल नगरला ठेवते. पहिल्या दिवशी घाईत निघाले आणि वही गाडीच्या डिकीतच राहिली, म्हणून मनातल्या मनात वाजवायला बसले. सध्या जो तुकडा चालू आहे त्याची पहिली ओळ आठ बारांची आहे (बार म्हणजे तालाचा एक कप्पा). उज्ज्वल नगरहून कस्तुरचंद पार्क आठवं स्टेशन. मग ठरवलं, दोन स्टेशनांमध्ये एकच बार, पुन्हा पुन्हा, दार उघडलं की पुढचा. जयप्रकाश नगर आलं, पहिला झाला. छत्रपती चौक, दुसरा. अजनी, तिसरा. राहाटे कॉलनीच्या आधी चौथ्यात अडले. डाव्या हाताला तिथे काय आहे, तेच आठवेना. घरी रोज वाजवते, कधीच अडले नव्हते, कारण कागद समोर असतो आणि डोळे हाताच्या पुढे धावतात. काँग्रेस नगर गेलं, सीताबर्डीला माणसं चढली-उतरली, मी चौथ्याच बारात. क्लासमध्ये गेल्या गेल्या सरांना म्हटलं, मला चौथा बार येत नाही. सर म्हणाले, कोणता बार येत नाही हे तुम्ही आज पहिल्यांदा सांगितलंत. सगळा पाऊण तास त्या चौथ्या आणि पाचव्या बारावर गेला. डाव्या हाताचं तिसरं बोट मी दीड महिना चुकीच्या पट्टीवरून उचलत होते.

हात थंड-आखडलेले नसतात आता. फिजिओताई, करंगळीच्या मुंग्या पुष्कळ कमी आहेत, तरी तुम्ही म्हणालात म्हणून दाखवून आले. काळजीचं काही नाही, गाडी कमी चालवा एवढंच सांगितलं. थंडीत पारा १० च्या खाली जाईल तेव्हा सरांकडे कोमट पाणी मागणार आहे, त्यांनी आधीच हो म्हटलंय.

वेळ, हिंगणा दादा म्हणाले तसा, मोठासा वाचला नाही. दहा-बारा मिनिटं. दोन्ही दिवस जाणं चालू ठेवलंय. पांढरी चार दादा, तुमच्या सूचनेवरून शुक्रवारी नवीन काही घ्यायचं नाही असं सरांशी ठरवलं, शुक्रवार फक्त मंगळवारचं नीट करण्यासाठी. त्याने खूप फरक पडला. आणि एप्रिलपासून सकाळी साडेसहाला जाणार, नवतपाताईंमुळे.

येताना मात्र काही वाजवत नाही. खिडकीशी उभी राहते.

एकटीची_संध्याकाळ
चौथा बार! मीही उद्या बसमध्ये वहीशिवाय बसून बघते.

फिजिओ_धंतोली
दाखवून आलात, फार बरं वाटलं.

साठीनंतर
पहिल्यांदाच इथे लिहितो आहे. वय ६३, राहणार जयप्रकाश नगर. हा सगळा धागा काल रात्री वाचून काढला. मला दोन्ही हातांनी वाजवायचं आहे, एवढंच माहीत आहे, बाकी काही येत नाही. मंद्रसप्तकताई, तुमचे सर माझ्या वयाच्या माणसाला घेतील का? नंबर मिळाला तर बरं होईल.

मंद्रसप्तक
काका, सरांना विचारलं, ते म्हणाले अवश्य या. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. मंगळवारी मी ६ वाजून २० मिनिटांच्या सुमारास उज्ज्वल नगरला चढते, मधल्या डब्यात, डाव्या बाजूला. जयप्रकाश नगर पुढचंच स्टेशन, तुमच्यासाठी जागा धरून ठेवते.